आफ्रिकेतल्या संग्रहालय आणि समकालीन कलेच्या फेलोशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न पाठवणारे साधारण तीन गटांतले आहेत. कला आणि संग्रहालयशास्त्राचे विद्यार्थी, नोकरीधंद्यानिमित्त आफ्रिकेत राहणारी मराठी मंडळी, आणि केपटाउनला फिरायला जाऊन ‘ते धान्याच्या कोठारातलं म्युझियम’ बघून आलेले लोक. उत्तरांत केपटाउनच्या त्याच म्युझियमचा, म्हणजे झाइट्झ मोकाचा, कार्यक्रम मध्यभागी ठेवला आहे, कारण निम्म्याहून जास्त प्रश्न त्याच्यावरून येतात. बाकीचे कार्यक्रम ओघात येतील.

१. फेलोशिप म्हणजे शिष्यवृत्तीच ना? वेगळं काय?

शिष्यवृत्ती फी भागवते, शिकायचं तुमचं तुम्ही. इथे म्हणतोय ती फेलोशिप म्हणजे ठरावीक मुदतीसाठी एखाद्या संग्रहालयात किंवा कलासंस्थेत प्रत्यक्ष कामाला बसणं, त्याबदल्यात विद्यावेतन मिळणं आणि सोबत अभ्यास करणं. इंटर्नशिपपेक्षाही ती वेगळी आहे. इंटर्नकडे हाताखालची कामं येतात, फेलोला स्वतःचा एखादा विषय किंवा प्रकल्प शेवटपर्यंत न्यावा लागतो. निदान तसं अपेक्षित असतं. ज्या ठिकाणी फेलोकडून वर्षभर फक्त पाहुण्यांची यादी करून घेतात, तिथे नाव काहीही असो, ती इंटर्नशिपच.

२. आफ्रिकेसाठी वेगळं प्रशिक्षण कशाला? लंडन-पॅरिसला जाऊन शिकता येतं की.

येतं, आणि दोन पिढ्या तसंच चाललं. अडचण परत आल्यावर सुरू होते. आफ्रिकेतली बरीच जुनी संग्रहालयं वसाहतीच्या काळात, वसाहतवाल्यांच्या नजरेतून उभी राहिली. वस्तू ‘जमातीं’प्रमाणे मांडलेल्या, कारागिराचं नाव नाही, आणि स्थानिक माणूस आला तर तो प्रेक्षक म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून. स्वातंत्र्यानंतर इमारती हातात आल्या, पण त्या चालवणारी माणसं तयार करायची व्यवस्था आली नाही.

जतनाच्या बाबतीत हे लवकर लक्षात आलं. रोममधली इक्रोम ही आंतरराष्ट्रीय संस्था १९८० च्या दशकात ‘प्रेमा’ नावाचा कार्यक्रम घेऊन उतरली. आफ्रिकी संग्रहालयांतल्या लोकांना वस्तूंची निगा शिकवायची, आणि पुढे त्यांनीच इतरांना शिकवायचं, असा बेत होता. वाळवी, कसर, दमट हवा, वारंवार जाणारी वीज आणि हाताशी असलेलं साहित्य हे सगळं धरून शिकवायचं होतं. युरोपातल्या वातानुकूलित भांडारात शिकलेलं पोर्तो-नोव्होच्या पावसाळ्यात जसंच्या तसं चालत नाही. त्याच प्रयत्नातून १९९८ मध्ये बेनिनमधल्या पोर्तो-नोव्होला ‘एकोल द्यू पात्रिमोआन आफ्रिकँ’ ही वारसाशाळा उभी राहिली. इंग्रजी बोलणाऱ्या देशांसाठी केनियात मोम्बासाला दुसरं केंद्र निघालं.

समकालीन कलेचं गाडं मात्र मागे राहिलं. तिथे जतनाबरोबर प्रदर्शन रचणं, कलावंतांवर लिहिणं, वाद घालणं हेही शिकायचं असतं, आणि ती सोय खंडात फारच थोडी होती.

३. केपटाउनचं झाइट्झ मोका नेमकं काय आहे आणि तिथली फेलोशिप कशी असते?

केपटाउनच्या बंदरात १९२४ मध्ये धान्य साठवण्यासाठी काँक्रीटच्या नळकांड्यांची प्रचंड इमारत उभी राहिली. एके काळी सहाराच्या दक्षिणेकडची ती सर्वांत उंच इमारत होती. २००१ मध्ये वापर थांबला. ब्रिटिश रचनाकार थॉमस हेदरविक यांनी त्या ४२ नळ्या आतून कापून मक्याच्या दाण्याच्या आकाराचा मोठा चौक काढला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे आफ्रिका व आफ्रिकी वंशाच्या कलावंतांच्या समकालीन कलेचं संग्रहालय उघडलं. उद्योजक योखेन झाइट्झ यांचा संग्रह आणि बंदराचा व्ही अँड ए वॉटरफ्रंट यांच्या भागीदारीतून ते उभं राहिलं.

सुरुवातीला कौतुक इमारतीचंच जास्त झालं. आत काय चाललंय, कोणासाठी चाललंय, हे प्रश्न स्थानिक कलावंत विचारतच होते. २०१९ मध्ये कोयो कुओ संचालक आणि मुख्य क्युरेटर (प्रदर्शनांची आखणी करणारी व्यक्ती) म्हणून आल्या. मूळच्या कॅमेरूनमधल्या दुआलाच्या, वाढल्या झ्युरिकमध्ये, आणि सेनेगलमधल्या डाकारला ‘रॉ मटेरियल कंपनी’ ही कलासंस्था त्यांनीच उभी केलेली. त्यांच्या काळात, २०२१ मध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्टर्न केपबरोबर ही फेलोशिप सुरू झाली. खंडातल्या वेगवेगळ्या देशांतले नवोदित लोक निवडायचे. त्यांनी साधारण वर्षभर संग्रहालयात काम करायचं आणि त्याच काळात विद्यापीठात पदव्युत्तर पातळीचा अभ्यास करायचा. पैसा अमेरिकेतल्या मेलन फाउंडेशनचा (त्यावरचे आक्षेप प्रश्न १० मध्ये).

कुओ यांना डिसेंबर २०२४ मध्ये २०२६ च्या व्हेनिस बिएनालेच्या (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या) क्युरेटर म्हणून नेमलं गेलं. आफ्रिकी स्त्रीकडे ते काम पहिल्यांदाच आलं होतं. १० मे २०२५ रोजी त्यांचं निधन झालं. ‘आता फेलोशिप बंद पडणार का?’ असं त्यानंतर अनेकांनी विचारलं. असे कार्यक्रम एका माणसाच्या दृष्टीतून जन्मतात हे खरं, पण ते टिकतात करारावर आणि निधीवर. म्हणून दर वर्षी संग्रहालयाची चालू सूचना वाचायची, जुन्या बातम्यांवर विसंबायचं नाही.

४. संग्रहालय आहे तर मध्ये विद्यापीठ कशाला?

दोन कारणं. पहिलं व्यवहाराचं : संग्रहालयाचं प्रशस्तिपत्र दुसऱ्या देशातल्या सरकारी नोकरीत चालत नाही, विद्यापीठाची पदवी चालते.

दुसरं कारण त्या विद्यापीठाच्या स्वभावात आहे. वेस्टर्न केप हे वर्णभेदी सरकारने ‘कलर्ड’ (मिश्र वंशाचे) ठरवलेल्या लोकांसाठी १९६० च्या सुमारास काढलेलं कॉलेज. ज्यांना मुख्य प्रवाहापासून बाजूला ठेवायचं होतं, त्यांनीच ते पुढे वर्णभेदविरोधी चळवळीचं घर केलं. चळवळीची छायाचित्रं, चित्रफिती, कागदपत्रं आज तिथल्या मायिबुये अर्काइव्हमध्ये आहेत. १९९७ मध्ये, नेल्सन मंडेला जिथे कैदेत होते तो रॉबेन बेटावरचा तुरुंग संग्रहालय झाला आणि पुढच्याच वर्षी या विद्यापीठाने संग्रहालय व वारसा अभ्यासाचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू केला. म्हणजे ‘म्युझियम कोणाचं?’ हा प्रश्न तिथे पुस्तकातला नाही. त्याच शहरात १९९४ पासून डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम आहे. हुसकावून लावलेल्या वस्तीचा नकाशा जमिनीवर अंथरलेला, आणि जुने रहिवासी त्यावर आपली गल्ली, आपलं घर लिहितात. मौल्यवान वस्तू जवळजवळ नाहीतच, तरी ते उत्तम संग्रहालय आहे. नुसत्या झगमगीत इमारतीत वर्ष काढून हे समजलं नसतं.

५. फेलो दिवसभर करतात काय? चित्रं बघतात?

चित्रं बघण्यापेक्षा चित्रांच्या मागची बाजू जास्त बघतात. कामाचा मोठा भाग कागदांचा असतो. एखादं चित्र दुसऱ्या संस्थेकडून लोनवर, म्हणजे प्रदर्शनापुरतं उसनं, आलं की क्रेट लगेच फोडत नाहीत. साधारण दिवसभर ते दालनाच्या हवेशी जुळू देतात. मग उघडून इंच न् इंच तपासायचं, ओरखडे, पोपडे, वाकलेली चौकट यांची छायाचित्रांसह नोंद करायची. हा कॉन्डिशन रिपोर्ट. परत पाठवताना तोच पुन्हा. मध्ये विमा, कस्टम्स, सोबत प्रवास करणारा कुरिअर, दालनातला उजेड. कागद आणि कापडाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपासच उजेड द्यायचा, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस कुठल्याही म्युझियममध्ये आधी दिवे बघतो.

झाइट्झ मोकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कृष्णवर्णीय व्यक्तिचित्रणाच्या शंभर वर्षांवर मोठं प्रदर्शन उघडलं, जे पुढे बाझेल आणि ब्रसेल्सलाही गेलं. असं एक प्रदर्शन म्हणजे कित्येक मालकांशी वेगवेगळे लोन-करार. प्रदर्शन कसं ‘दिसतं’ हे भिंतीवर कळतं, कसं ‘होतं’ हे रजिस्ट्रारच्या, म्हणजे वस्तूंच्या नोंदी आणि ये-जा सांभाळणाऱ्याच्या, टेबलावर.

समकालीन कलेत आणखी एक गंमत असते. एल अनात्सुई हे घानात जन्मलेले, नायजेरियात न्सुकाला हयात घालवलेले शिल्पकार. दारूच्या बाटल्यांची बुचं तांब्याच्या तारेने गुंफून ते अजस्र पडदे करतात. त्या पडद्याला ठरलेला आकारच नाही. चुण्या कुठे घालायच्या, कुठे सैल सोडायचं, हे टांगणाऱ्यावर सोपवलेलं. मग कॉन्डिशन रिपोर्टमध्ये ‘मूळ आकार’ काय लिहाल? व्हिडिओ चालवणारं यंत्रच बाजारातून गेलं तर कलाकृती उरली का? पोत्यांची कलाकृती आली, तिच्यात किडा निघाला, तर धुरी द्यायची की कलावंताला विचारायचं? याची उत्तरं बनवलेली नाहीत. फेलोशिपचं वर्ष सत्कारणी लागतं ते अशा वादात.

याशिवाय भिंतीवरचा मजकूर लिहिणं, शाळांच्या सहली फिरवणं, कलावंताशी जाहीर गप्पा ठरवणं, सभासदांना पत्रं.

६. मला क्युरेटर व्हायचंय. रजिस्ट्रार, जतन, शिक्षण विभाग हे सगळं शिकण्यात वेळ का घालवू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. सगळ्यांना क्युरेटरच व्हायचं आहे. पण संग्रहालयात क्युरेटर मूठभर लागतात. तुटवडा आहे तो रजिस्ट्रारचा, जतनतज्ज्ञांचा, चित्र नीट टांगू शकणाऱ्या तंत्रज्ञांचा, मुलांशी बोलू शकणाऱ्या शिक्षकांचा. चित्र लोनवर मागवणाऱ्या संस्थेकडे धड भांडार आणि नोंदी नसतील, तर कोणी चित्र देत नाही. मग क्युरेटरची कल्पना कितीही थोर असो, ती कागदावरच राहते.

म्हणून एखादी फेलोशिप चांगली की वाईट हे ठरवताना किती ‘क्युरेटर’ बाहेर पडले ते मोजू नका. पाच वर्षांनी त्या माणसांपैकी कोण कुठल्या भांडाराच्या किल्ल्या सांभाळतंय ते बघा. प्रिटोरिया विद्यापीठाने २०१९ मध्ये वस्तूंच्या जतनाचा मास्टर्स अभ्यासक्रम सुरू केला, तोही मेलनच्याच मदतीने. माझ्या मते त्याचं महत्त्व कुठल्याही बिएनालेपेक्षा कमी नाही. बोलबाला मात्र बिएनालेचा होतो.

७. इंग्रजी येत नाही, फ्रेंच येतं. केपटाउन जमेल का?

काम आणि अभ्यास दोन्ही इंग्रजीत, त्यामुळे कठीण. पण दार बंद नाही. सेनेगल, बेनिन, कोत दिव्वार, कॅमेरून इथल्यांसाठी पोर्तो-नोव्होची वारसाशाळा (प्रश्न २) आणि डाकारचे कार्यक्रम (प्रश्न ८) आहेत. पोर्तुगीज बोलणाऱ्या मोझांबिक-अंगोलावाल्यांची सोय अजूनही सगळ्यांत कमी.

८. रॉ अकादेमी आणि आसिको या फेलोशिप आहेत की शाळा?

दोन्हींच्या मधलं काहीतरी. रॉ मटेरियल कंपनीची (प्रश्न ३) रॉ अकादेमी २०१६ मध्ये डाकारला सुरू झाली. दर सत्राला वेगळा पाहुणा प्रमुख, सुमारे आठ आठवडे, वाचन-चर्चा-स्वयंपाक-वाद असं सगळं एकत्र. पदवी मिळत नाही आणि तसा दावाही नाही.

आसिको ही नायजेरियन क्युरेटर बिसी सिल्वा यांची कल्पना. त्यांनी २००७ मध्ये लागोसला समकालीन कलेचं केंद्र काढलं आणि २०१० पासून ही फिरती शाळा. कधी लागोस, कधी आक्रा, डाकार, मापुतो, आदिस अबाबा. कार्यशाळा, निवासी मुक्काम आणि अकादमी यांचं मिश्रण, काही आठवड्यांचं. कलाशाळांत जुनाच अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालतो, तिथे टीका करायला आणि आपल्या शेजारच्या देशातली कला बघायला कोणी शिकवत नाही, ही सिल्वा यांची तक्रार होती. लागोसच्या चित्रकाराला लंडन माहीत असतं, आक्रा नसतं. २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज खंडभर कामात आहेत.

कमी वेळ काढता येत असेल, पदवीची गरज नसेल आणि विचारांना धार लावायची असेल तर हे कार्यक्रम. नोकरीसाठी कागद हवा असेल तर केपटाउनसारखे.

९. ब्रिटिश म्युझियमचा कार्यक्रम यातच येतो का?

शेजारी आहे, पण वेगळा. त्यांचा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम २००६ पासून चालतो. आधीच संग्रहालयात नोकरी करणाऱ्यांना काही आठवडे लंडनला आणि ब्रिटनमधल्या इतर संग्रहालयांत नेतात. ईजिप्त, सुदान, नायजेरिया, केनिया यांच्याप्रमाणे भारतातलेही लोक त्यात गेले आहेत. ओळखी आणि कामाच्या पद्धती मिळतात. ज्या संस्थेने नायजेरियातल्या बेनिन शहरातून (बेनिन हा देश वेगळा) लुटलेल्या मूर्ती अजून परत केलेल्या नाहीत, तिच्याकडून ‘संग्रहाची जबाबदारी’ शिकताना चहाच्या वेळी काय गप्पा होत असतील, ते तुम्हीच ताडा.

१०. पैसा अमेरिकेचा किंवा युरोपचा, मग ही ‘आफ्रिकी’ संस्था कशी?

आक्षेप रास्त आहे. देणगीदाराचे विषय बदलतात, तसे अर्जातले शब्द बदलतात, हे आपल्याकडच्या स्वयंसेवी संस्थांनाही ठाऊक आहे. मोठा धोका वेगळा : निधी तीन किंवा पाच वर्षांचा असतो, आणि तो संपला की चौथ्या तुकडीला कोणी विचारत नाही.

पण दुसरी बाजूही बघावी. बहुतेक आफ्रिकी सरकारांच्या अंदाजपत्रकात समकालीन कला शेवटच्या ओळीत असते, असलीच तर. परदेशी पैसा नको म्हणायचा तर त्या जागी कोणाचा, हे सांगावं लागेल. माझ्या लेखी कसोटी एकच : निवड कोण करतं आणि काय शिकवायचं ते कोण ठरवतं. ते केपटाउनमध्ये किंवा डाकारमध्ये ठरत असेल, तर पैसा न्यूयॉर्कचा असल्याने आकाश कोसळत नाही.

११. विद्यावेतन पुरतं का?

एकट्या माणसाला, बेताने राहिल्यास. केपटाउन महाग आहे आणि संग्रहालय शहरातल्या सर्वांत महागड्या भागात. विद्यापीठ दूर बेलव्हिलला. जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्च धराच.

लोक विसरतात तो खर्च व्हिसाचा. आफ्रिकी माणसाला दुसऱ्या आफ्रिकी देशात जायला अनेकदा युरोपीय पर्यटकापेक्षा जास्त कागद लागतात. बेनिन, रवांडा, गांबिया यांनी सर्व आफ्रिकी पासपोर्टना दार उघडलं आहे, दक्षिण आफ्रिकेचं तसं नाही. विद्यार्थी-व्हिसासाठी वैद्यकीय विमा, पोलिसांचा दाखला, तपासण्या. पत्र हातात पडताच सुरुवात करा. उशिरा आलेला व्हिसा म्हणजे बुडालेलं पहिलं सत्र.

१२. अर्जात काय लिहू?

‘मला लहानपणापासून कलेची आवड’ हे वाक्य खोडा. तुमच्या शहरातली एक नेमकी अडचण लिहा : अमुक कलावंताची कागदपत्रं घरच्या पेटीत कुजतायत, अमुक शहरात दालन आहे पण नोंदवही नाही. मग या वर्षात काय शिकून त्याचं काय करणार ते. शिफारसपत्र मोठ्या नावाचं असण्यापेक्षा तुमच्यासोबत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचं असावं.

१३. कलेची पदवी नाही. वेळ घालवू का?

विद्यापीठ जोडलेलं असेल तर कुठली तरी पदवी लागतेच, ती कलेचीच हवी असं मात्र सगळीकडे नसतं. कुओ यांचं शिक्षण बँकिंगचं होतं. २००२ ची डॉक्युमेंटा (जर्मनीत दर पाच वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) आणि २०१५ ची व्हेनिस बिएनाले रचणारे नायजेरियात जन्मलेले ओक्वी एन्वेझोर राज्यशास्त्र शिकलेले आणि कविता लिहिणारे. त्या दोघांनी संस्थाच नव्याने उभ्या केल्या हेही खरं, आणि सगळ्यांना ते जमत नाही. सूचनेतली पात्रतेची ओळ आधी वाचा.

१४. जन्म लंडनचा, आईवडील घानाचे. मी ‘आफ्रिकी’ धरला जातो का?

कार्यक्रमागणिक वेगळं. काही ठिकाणी नागरिकत्व बघतात, काही ठिकाणी खंडात राहणं आणि काम करणं, तर काही डायस्पोराला (खंडाबाहेर राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना) स्पष्टपणे सामील करतात. सूचना मोघम असेल तर लेखी विचारा. माझं मत विचाराल तर खंडात राहणाऱ्याला पहिला मान असावा. लंडनवाल्याकडे इतर दारं आहेत, मलावीतल्या लिलाँग्वेवाल्याकडे नाहीत. उलटी अडचण दरबानमधल्या किंवा नैरोबीतल्या भारतीय वंशाच्या तरुणांची : चार पिढ्या तिथे, पासपोर्ट तिथला, तरी ‘आपण अर्ज करावा का’ म्हणून कचरतात. नागरिक असाल तर बेलाशक करा.

१५. मी पुण्यात शिकतोय. मला चालेल?

खंडापुरत्या फेलोशिप तुमच्यासाठी नाहीत, आणि असूही नयेत. आपल्याकडे मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संग्रहालयशास्त्र व जतनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा आधुनिक-समकालीन कलेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. दमट हवा, कसर आणि रिकामी पदं या बाबतीत मुंबई आणि मोम्बासा यांच्यात फार अंतर नाही. तिथल्या लोकांशी पत्रव्यवहार करायला फेलोशिप लागत नाही.

१६. वसाहतकाळात नेलेल्या आणि आता परत येणाऱ्या वस्तूंशी या प्रशिक्षणाचा काय संबंध?

थेट संबंध आहे. १८९२ मध्ये फ्रेंच सैन्याने आबोमेच्या राजवाड्यातून नेलेल्या २६ वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिनला परत केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोतोनूला त्या मांडल्या, तेव्हा शेजारीच आजच्या बेनिनी कलावंतांची कामंही लावली. सिंहासन आणि आजचं चित्र एकाच छताखाली ठेवायचं तर दोन्हींची भाषा येणारी माणसं हवीत. ‘आफ्रिकेत सांभाळायला तज्ज्ञ नाहीत’ ही सबब युरोपातली संग्रहालयं वर्षानुवर्षं पुढे करत आली. ती सबब खोटी पाडण्याची जबाबदारी प्रशिक्षणावर टाकणंही मला पटत नाही. चोरीचा माल परत करताना मालकाच्या कपाटाची तपासणी करायची नसते.

१७. नंतर नोकरी मिळते का?

दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, मोरोक्को, सेनेगलमध्ये शक्यता बरी. इतरत्र सरकारी संग्रहालयांत नवी पदं क्वचित निघतात. त्यामुळे बरेच जण खासगी गॅलऱ्यांकडे आणि कलामेळ्यांकडे वळतात. तिथे पगार बरा असतो. काही जण युरोप-अमेरिकेत जातात. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण परतल्यावर बसायला खुर्चीच नसेल तर माणूस काय करेल? निवडीच्या वेळीच मायदेशातल्या संस्थेकडून ‘हा परत आल्यावर याला अमुक काम देऊ’ असं पत्र घेणारे कार्यक्रम मला म्हणूनच जास्त शहाणे वाटतात.

१८. आधीच सरकारी संग्रहालयात नोकरीत आहे. राजीनामा द्यावा लागेल?

शक्यतो नको. अभ्यासरजा मागा, आणि मंजुरी लेखी घ्या. रजा बिनपगारी असेल तर विद्यावेतनात घरचं भाडं आणि केपटाउनचं भाडं दोन्ही बसत नाही, हा हिशोब आधी करा. रजा नाकारली तर काही आठवड्यांचे कार्यक्रम (प्रश्न ८ आणि ९) बघा. साठलेली रजा जोडून ते उरकता येतात.

१९. मध्येच सोडावी लागली तर पैसे परत करावे लागतात?

करारावर अवलंबून. आजारपण आणि बाळंतपण यांची तरतूद बहुधा असते, दुसरी नोकरी लागली म्हणून सोडलं तर वसुलीचं कलम लागू होऊ शकतं. सही करण्यापूर्वी ते कलम शोधा. सापडलं नाही तर विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.